लॅपटॉपचं रेझोल्यूशन आणि मराठी अक्षरं: तुमचे अनुभव सांगा

सासूबाई लॅपटॉपवर रोज वर्तमानपत्र वाचतात. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून ओळखीच्या कुणीतरी त्यांच्या १९२० × १०८० च्या स्क्रीनचं रेझोल्यूशन, म्हणजे आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या, १२८० × ७२० करून दिलं होतं. अक्षरं मोठी झाली, पण पुसटही झाली. ‘सर्वांना’ या शब्दातला रफार आणि अनुस्वार मिळून एकच करडा ठिपका दिसायचा. डोळ्यांचा नंबर वाढला असेल असं समजून त्यांनी वाचनच कमी केलं, याचं मला फार वाईट वाटलं.

कारण साधं आहे. एलसीडी स्क्रीनवरचे ठिपके कारखान्यातच ठरलेले असतात. १२८० ठिपक्यांचं चित्र १९२० ठिपक्यांवर पसरायचं, तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड ठिपका येतो. अर्धा ठिपका नसतोच, मग काळ्या-पांढऱ्याच्या मधला करडा रंग भरला जातो. इंग्रजी अक्षरं यातून कशीबशी निभावतात, पण आपल्या वेलांट्या, मात्रा, रफार सगळे शिरोरेघेच्या वर दाटीनं बसलेले, त्यांचं पार वाटोळं होतं.

म्हणून सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले या वाटेनं जाऊन रेझोल्यूशन पुन्हा ‘रेकमेंडेड’वर आणलं आणि त्याच पानावरचं ‘स्केल’ १५० टक्के केलं. अक्षरांचा आकार तोच राहिला, पण कडा लख्ख आल्या. एवढ्यानं भागलं नाही, तर विंडोज ११ मध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘टेक्स्ट साइझ’ची वेगळी पट्टी आहे. ती २२५ टक्क्यांपर्यंत जाते आणि फक्त अक्षरं वाढवते.

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर जरूर लिहा. काय दिसत होतं आणि कारण काय निघालं, हे दोन्ही सांगा. स्क्रीन किती इंची आणि सिस्टम कोणती, हेही लिहिलंत तर इतरांना ताडून पाहता येईल.

* * *

सांगलीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. ‘सगळं एकदम मोठं झालंय’ म्हणत गिऱ्हाईक आलं की माझा पहिला प्रश्न असतो: नुकतंच फॉरमॅट मारलंय का? बहुतेकदा उत्तर ‘हो’च येतं. विंडोज टाकलेलं असतं, पण ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला स्क्रीनवरचं चित्र नीट काढता यावं म्हणून लागणारा प्रोग्रॅम, टाकायचा राहिलेला असतो. अशा वेळी रेझोल्यूशनच्या यादीत १०२४ × ७६८ सारखा एखादाच पर्याय दिसतो, किंवा यादी उघडतच नाही.

स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स बघा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ लिहिलेलं असेल तर दुखणं सापडलं. नेट जोडून विंडोज अपडेट चालवा, त्यातले ऑप्शनल अपडेट्सही बघा. तिथे नाही मिळालं तर लॅपटॉपच्या बुडाशी स्टिकर असतो, त्यावरचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवा. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये स्क्रीन बहुधा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेली असते, म्हणून आधी इंटेल किंवा एएमडीचा ड्रायव्हर टाका, एनव्हिडियाचा नंतर. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ देणाऱ्या फुकट प्रोग्रॅमच्या नादी मात्र लागू नका. त्यांच्याबरोबर नको ते बरंच काही येतं.

आणखी एक सांगतो, कारण यात लोकांचे पैसे जातात. मध्यंतरी इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी आला. दुसरीकडे त्याला पॅनेल, म्हणजे स्क्रीनच, गेलं म्हणून सांगितलं होतं आणि घरच्यांनी नव्या पॅनेलसाठी पैशांची जुळवाजुळव सुरू केली होती. निघाला फक्त ड्रायव्हर. पॅनेल बदलायला होकार देण्यापूर्वी लॅपटॉप बंद करून चालू करा आणि बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगच्या पानावर, जाऊन बघा. विंडोज सुरू होण्याआधीच रेघा, डाग किंवा थरथर दिसली तर पॅनेलचा किंवा आतल्या केबलचा संशय घ्या. तिथे चित्र स्वच्छ असेल तर आधी सॉफ्टवेअर तपासा. एचडीएमआयनं बाहेरचा मॉनिटर लावूनही ताडता येतं.

* * *

वरच्या सांगलीकरांचं बायॉसचं सांगणं लिहून ठेवलं.

माझा अनुभव कॉलेजमधला. वर्गातला प्रोजेक्टर जुना, ४:३ आकाराचा, १०२४ × ७६८. लॅपटॉप १६:९. जोडला की लॅपटॉपची स्क्रीनही त्याच मापावर उतरायची आणि आकृतीतली वर्तुळं लंबगोल व्हायची. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ऐवजी ‘एक्स्टेंड’ घेतलं की दोन्ही स्क्रीन आपापल्या मापात राहतात. डुप्लिकेटमध्ये दोघींना एकच रेझोल्यूशन वाटून घ्यावं लागतं, तिथेच सगळी ओढाताण होते.

* * *

तालुक्याच्या गावी आमचं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं केंद्र आहे. लॅपटॉप १३६६ × ७६८ चा. स्केल १२५ टक्के असलं की काही खिडक्यांचं ‘ओके’ बटण टास्कबारच्या खाली जातं आणि रांगेतली माणसं ताटकळतात. अल्ट आणि स्पेसबार दाबायचा, मग एम, आणि बाणाच्या बटणानं खिडकी वर सरकवायची. ब्राउझरमधला फॉर्म असेल तर कंट्रोल आणि वजा. काम झालं की कंट्रोल आणि शून्य दाबून पूर्ववत करायचं.

* * *

कोल्हापुरात डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक. नवा लॅपटॉप १५.६ इंची आणि ३८४० × २१६० चा आला, त्यावर आमचं जुनं पानं लावायचं सॉफ्टवेअर उघडलं तर टूलबॉक्समधली चित्रं मुंगीएवढी! रेझोल्यूशन उतरवावं असा सल्ला सगळ्यांनी दिला, पण मग प्रूफ वाचायचं कसं? पोटफोड्या ‘ष’ आणि ‘प’ यांत जिथे फरक दिसत नाही, त्या स्क्रीनवर मी अंक पास करणार नाही.

उपाय सॉफ्टवेअरच्या आयकॉनवर मिळाला. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. तिथे खालच्या चौकोनात टिक करून ‘सिस्टम’ निवडलं की तेवढाच प्रोग्रॅम मोठा दिसतो, बाकी स्क्रीन जशीच्या तशी. अक्षरं थोडी मऊ दिसतात. २०१७ पासून विंडोज १० मध्ये ‘सिस्टम (एनहान्स्ड)’ हा पर्यायही आला आहे. काही जुन्या प्रोग्रॅममध्ये त्यानं अक्षरं जास्त रेखीव येतात, काहींत पान विस्कटतं, तेव्हा करूनच बघावं लागतं. माझं स्पष्ट मत: जुनं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यानं फुल एचडी (१९२० × १०८०) लॅपटॉप घ्यावा आणि उरलेल्या पैशांत बाहेरचा मोठा मॉनिटर.

* * *

मी शिकागोला, आई-बाबा नागपूरला. फोनवरून सेटिंग सांगताना मधेच ‘अरे, सगळं काळं झालं’ असं ऐकू आलं की इकडे जीव टांगणीला लागतो. अशा वेळी त्यांना एकच सांगते: काही दाबू नका, थांबा. विंडोज बदल ठेवायचा का, असं विचारतं आणि १५ सेकंदांत उत्तर मिळालं नाही तर आपणहून जुन्या सेटिंगवर येतं. घाबरून कुणी एंटर दाबलं तर मात्र नको ते सेटिंग कायम होऊ शकतं. बाबांनी आता ते १५ सेकंद मोठ्यानं मोजायची सवय लावून घेतली आहे, आणि मलाही इकडे धीर येतो.

* * *

ठाण्याहून. जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लुबुंटू ही हलकी लिनक्स सिस्टम आहे. व्हीजीए केबलनं मॉनिटर जोडला तर १०२४ × ७६८ च्या वर काही मिळेना. मॉनिटर आपली मापं ‘ईडीआयडी’ नावाच्या छोट्याशा माहितीतून लॅपटॉपला कळवतो. स्वस्तातल्या केबलमध्ये त्यासाठीच्या पिना कधी कधी नसतातच, मग लॅपटॉप अंदाजानं चालतो. केबल बदलली आणि पूर्ण यादी आली. तोवर एक्सरँडर या कमांडनं हातानं माप घालून काम भागवलं होतं. एक सांगून ठेवतो: त्यासाठी सीव्हीटी या मापाचा हिशेब करून देणाऱ्या कमांडकडून १३६६ चा हिशेब मागितला तर ते १३६८ देतं, कारण त्याला ८ नं भाग जाणारी रुंदी लागते. ते पाहून गोंधळू नका.

* * *

टीव्हीला लॅपटॉप जोडल्यावर टास्कबार अर्धा कापला जात असेल, तर लॅपटॉपला हात लावू नका. टीव्हीच्या पिक्चर मेन्यूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा तशाच नावाचा पर्याय असतो, तो लावा. आणि ४के टीव्हीवर माउस अडखळत सरकत असेल तर डिस्प्लेच्या पानावर रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नव्यानं काढलं जातं ते, बघा. जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ असतं, त्यातून ४के ३० हर्ट्झनंच जातं. आमच्याकडे १९२० × १०८० आणि ६० हर्ट्झ ठेवलंय. दोन मीटरवर बसून मराठी सबटायटल्स आईला व्यवस्थित वाचता येतात.