मदत हवी आहे: कॉर्ड बदलली की धून तुटते

ए मायनर, एफ, सी, ई मेजर या कॉर्ड्सवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट) गिटारची धून बांधतोय. प्रत्येक कॉर्ड एक बार (ठोक्यांचा एक गट). आधी सगळीकडे ए मायनर पेंटाटॉनिक (ए, सी, डी, ई, जी ही पाच सुरांची सरगम) वाजवली. पण ई मेजरमध्ये जी शार्प असल्याने माझा जी तिथे चांगलाच खटकतो. मग प्रत्येक बारच्या पहिल्या ठोक्याला त्या-त्या कॉर्डचाच सूर घेतला. खटकणं गेलं, पण धूनही गेली, नुसता आर्पेजिओचा (कॉर्डचे सूर एकेक करून वाजवण्याचा) रियाज वाटतो. सीवरून ईवर जाताना जी ते जी शार्प हे अर्ध्या सुराचं सरकणं मात्र फार गोड लागतं, ते ठेवायचंच आहे. कॉर्ड्स बदलता येणार नाहीत, शब्द त्यांवर बसलेत. नोटेशन वाचता येत नाही, टॅब (कोणती तार कुठे दाबायची हे आकड्यांत) चालेल. एकच छोटा तुकडा चारही कॉर्ड्सवर फिरवायचा, तर त्यातले कोणते सूर कायम ठेवायचे नि कोणते बदलायचे, हे कसं ठरवता?