गरम टायरची हवा सोडू नका
जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात टायर फुटू नये म्हणून 5 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा कमी ठेवा, असा एक सल्ला दिला जातो. होतं उलटं. कमी हवेच्या टायरच्या बाजू सतत दबतात, वाकतात आणि तोच जास्त तापतो.

हिशेब बघा. पहाटे 25 अंशांना 33 पीएसआय. गेज (हवा मोजायचं यंत्र) वातावरणाचा दाब दाखवत नाही, म्हणून त्याचे 14.7 मिळवा: 47.7. टायर 65 अंशांवर गेला, आकारमान जवळपास तेवढंच, तर तापमान केल्विनमध्ये घ्या, म्हणजे अंशांत 273 मिळवा (338 आणि 298): 47.7 × 338 ÷ 298 = 54.1. त्यातून 14.7 वजा, गेजवर साधारण 39. (273 न मिळवता थेट 65 ला 25 ने भागलं की भलतंच उत्तर येतं.) ही वाढ कंपनीने धरलेलीच असते. दुपारी हवा सोडली की दुसऱ्या पहाटे टायर थंड झाल्यावर ती कमी पडते, एवढंच. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, ऊन चढायच्या आत दारावरच्या स्टिकरचा आकडा भरा. नायट्रोजनलाही हाच नियम.