विषय: एकांकिकेचं रेकॉर्डिंग – आवाज मागे पडतोय

नमस्कार मंडळी,

एकांकिकेच्या रेकॉर्डिंगमध्ये सभागृहाची घरघर फार होती. म्हणून चित्र आणि आवाज वेगळे काढले, आवाज साफ केला आणि दोन्ही पुन्हा जोडून एमपी४ बनवली. सुरुवात अगदी जुळते, पण शेवटच्या प्रवेशात ओठ आधी हलतात आणि वाक्य नंतर ऐकू येतं. आवाज थोडा आधी सुरू होईल असा सरकवला, तर शेवट सुधारतो आणि सुरुवात बिघडते. कलाकारांनी महिनोन्‌महिने तालीम केली आहे, त्यांना असं काही पाठवायला मन धजत नाही. कुणी मदत कराल का?
– सचिव

---

ताई, आवाज सरकवणं आधी थांबवा. मूळ फाइल आहे ना? ती पुसू नका.

फरक सगळीकडे सारखा असेल तरच सरकवून भागतं. तुमचा वाढत जातोय, म्हणजे दोन्हींचा वेग वेगळा आहे. व्हीएलसी प्लेअरच्या टूल्स मेनूत ट्रॅक सिंक्रोनायझेशन आहे. तिथे सेकंद बदलत सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी ओठ कधी जुळतात ते बघा आणि तिन्ही आकडे कळवा. मीडियाइन्फोमध्ये (फाइलचा तपशील दाखवणारं सॉफ्टवेअर) मूळ फाइलचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, काय दिसतो तेही सांगा.
– ध्वनिसंयोजन गटातून

---

दादा, सुरुवातीला शून्य, पन्नासाव्या मिनिटाला ३ सेकंद, शंभराव्याला जवळपास ६. मूळ फाइल २९.९७. जोडताना मी ३० लिहिलं होतं, तेवढ्यानं काय होणार असं वाटलं.
– सचिव

---

ताई, तिथेच सापडलं. २९.९७ म्हणजे खरं तर ३०००० भागिले १००१. ३० पेक्षा हजारात एक भाग कमी. शंभर मिनिटं म्हणजे ६००० सेकंद, त्याचा हजारावा भाग ६ सेकंद. चित्र तेवढं आधी संपतं, आवाज आपल्या चालीनं येतो. हा विचित्र आकडा १९५३ सालचा आहे. अमेरिकेत रंगीत टीव्हीचं मानक ठरलं, तेव्हा रंगाचा संकेत आणि आवाजाची लहर एकमेकींत मिसळून पडद्यावर जाळी उमटू नये म्हणून वेग एवढासा कमी केला, आणि तो आजही कॅमेऱ्यांत आहे.

आता आवाज ताणू किंवा दाबू नका, आवाज बरोबरच आहे. मूळ फाइलमधलं चित्र जसंच्या तसं कॉपी करा, एन्कोड (म्हणजे नव्यानं दाबून तयार) करू नका, आणि फक्त ऑडिओ ट्रॅक बदलून साफ केलेला लावा. एफएफएमपेग नावाचं सॉफ्टवेअर हे करतं. प्रत्येक फ्रेम कधी दिसायची त्या वेळा मूळ फाइलमध्येच नोंदलेल्या असतात. तुम्ही चित्र वेगळं काढलंत तेव्हा त्या गळून पडल्या, म्हणून सॉफ्टवेअरनं तुम्हाला आकडा विचारला. चित्राचा दर्जाही यात घटत नाही, आणि काम काही मिनिटांत होतं.

---

मधेच लिहितो. कुणी फोनवर चित्रीकरण केलं असेल तर वरचा हिशोब लागू पडणार नाही. उजेड कमी झाला की बरेच फोन फ्रेम कमी घेतात, त्यामुळे वेग मधेच बदलतो आणि फरक एका चालीत न वाढता उड्या मारतो. मीडियाइन्फोमध्ये 'व्हेरिएबल' (बदलता) दिसलं, तर संपादनाच्या आधीच हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट (एकसारखा) फ्रेमरेट निवडून फाइल बदलून घ्या. नंतर केलंत तर प्रत्येक कट हातानं जुळवावा लागतो. मी तसा एक आख्खा रविवार घालवलाय.
– एक सभासद

---

दादा, झालं! शेवटच्या प्रवेशातला हुंदका आता ओठांबरोबर ऐकू येतो. पन्नासावं मिनिटही तपासलं. सगळ्या कलाकारांना आज रात्री लिंक पाठवते. आणि हो, मूळ फाइलची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली आहे.
– सचिव