मदत हवी आहे: थंडरबर्डमध्ये पॉपचं अकाउंट आयमॅपवर कसं न्यायचं?

मंडळी, बाबांच्या दुकानातल्या पीसीवर थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये तीन अकाउंट आहेत, दोन जीमेलची आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच राहतात, सगळीकडून दिसतात) आणि दुकानाच्या डोमेनचं जुनं मात्र पॉपवर (मेल पीसीवर उतरवून घेणारी पद्धत), त्यामुळे त्याचे उतरवलेले मेल मोबाईलवर दिसत नाहीत. चालू अकाउंटचा प्रकार बदलता येत नाही, आयमॅपचं नवीन जोडावं लागतं (पोर्ट ९९३) एवढं कळलंय. मग जुने मेल आधी लोकल फोल्डर्समध्ये (पीसीवरच साठणारी थंडरबर्डची फोल्डरं) कॉपी करून तिथून आयमॅपच्या फोल्डरात टाकले तर तारखा, अटॅचमेंट सगळं शाबूत राहतं का? जीएसटीची बिलं, पार्ट्यांच्या ऑर्डरी त्यातच आहेत हो, एकही जायला नको. प्रोफाईल फोल्डरचा (ज्यात थंडरबर्डचे मेल, सेटिंग असतात) बॅकअप पेनड्राईव्हवर घेतलाय. आणि युनिफाइड फोल्डर्स (सगळ्या अकाउंटचे इनबॉक्स एकत्र दाखवणारी सोय) लावल्यावर नवीन मेल लिहिताना फ्रॉममध्ये दुकानाचाच पत्ता यावा म्हणून तुम्ही काय सेटिंग ठेवता? कोणी केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.