स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या संस्थेने आपल्या कामाचा परिणाम कसा मोजावा?

वस्तीवर्ग_नागपूर

नमस्कार. आम्ही काही जण नोकरी-व्यवसाय सांभाळून नागपुरातील तीन वस्त्यांमध्ये तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी संध्याकाळी वाचन व गणिताचे वर्ग घेतो. न्यास नोंदणीकृत आहे, पगारी माणूस एकही नाही. आजवर आमच्या वार्षिक अहवालात मुलांची संख्या, वाटलेल्या वह्या, साजरे झालेले कार्यक्रम आणि भरपूर छायाचित्रे असत. त्यावर देणगीदार समाधानी होते आणि खरे सांगायचे तर आम्हीही होतो. यंदा हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीने तीन लाख रुपयांची तयारी दाखवली, पण वर्षअखेरीस ‘इम्पॅक्ट रिपोर्ट’, म्हणजे कामाच्या परिणामाचा अहवाल, द्यावा लागेल असे कळवले. तो करून देणाऱ्या एका सल्लागाराने सांगितलेला आकडा ऐकून आमचे कोषाध्यक्ष बराच वेळ काही बोललेच नाहीत.

असा अहवाल कायद्याने बंधनकारक आहे काय? मुले शाळेतही जात असताना त्यांच्या प्रगतीतील आमचा वाटा वेगळा कसा काढायचा? आणि स्वयंसेवकांनी दिलेल्या वेळेची नोंद अहवालात कोणत्या स्वरूपात करावी? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

हिशेबनीस

अनेक वर्षे लहान न्यासांचे हिशेब तपासत आलो असल्यामुळे कायद्यापुरते सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 नुसार धर्मादाय आयुक्तांकडे जे जाते, ते अनुसूची आठमधील ताळेबंद आणि अनुसूची नऊमधील जमाखर्चपत्रक, लेखापरीक्षकाच्या अहवालासह. पैसा कोठून आला आणि कोठे गेला, एवढेच त्यातून दिसते. त्या पैशाने एखादे मूल वाचू लागले की नाही, हे त्या कागदांत कोणी विचारत नाही आणि ते सांगायला तेथे जागाही नाही.

कंपन्यांची बाब वेगळी आहे. कंपनी कायदा, 2013 मधील कलम 135 खालील नियमांत जानेवारी 2021 मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार मागील तीन आर्थिक वर्षांत ज्या कंपनीचे सरासरी सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चाचे) दायित्व 10 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिनेच स्वतंत्र संस्थेकडून परिणामांचे मूल्यमापन करून घ्यायचे असते, आणि तेही 1 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक खर्चाच्या, पूर्ण होऊन किमान एक वर्ष लोटलेल्या प्रकल्पांचे. हे बंधन कंपनीवर आहे, न्यासावर नाही. तीन लाखांच्या मदतीला तर ते लागूच होत नाही. तेव्हा कंपनीला आपल्याकडून नेमके काय अपेक्षित आहे, हे भेटून विचारा. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा त्यांना चार पानांचा प्रामाणिक अहवाल पुरतो. ‘इम्पॅक्ट’ हा शब्द त्यांच्या छापील नमुन्यात आधीपासून असतो, म्हणून तो पत्रात येतो.

स्वयंसेवकांच्या तासांविषयी: आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2011 च्या मार्गदर्शिकेत, तेच काम पैसे देऊन करून घेतले असते तर किती द्यावे लागले असते, या हिशेबाने त्या वेळेचे मूल्य काढण्याची पद्धत दिली आहे. हवे तर काढा, मात्र वर्ग घेणाऱ्या अभियंत्याचा तास अभियंत्याच्या पगाराने मोजू नका, शिकवणीच्या स्थानिक दराने मोजा. ही रक्कम अहवालात स्वतंत्रपणे दाखवावी. जमाखर्चात देणगी म्हणून मुळीच मिसळू नये.

निवृत्त_शिक्षिका

वह्या वाटल्या हे झालेले काम आहे. मूल वाचू लागले ही निष्पत्ती. तुमचा सगळा अहवाल पहिल्या वाक्यापाशी थांबतो आणि दुसऱ्यासाठी सल्लागाराची मुळीच गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलांना कितपत वाचता येते आणि गणित येते हे तपासणारी ‘असर’ ही पाहणी 2005 पासून देशभरातील स्थानिक संस्था आणि स्वयंसेवक यांच्याच हातून होत आली आहे. तिची वाचनचाचणी एका कागदावर मावते: अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल यांपैकी कोणत्या पायरीवर सहज वाचते, तेवढेच नोंदवायचे. गणितात अंक ओळखण्यापासून हातच्याच्या वजाबाकीपर्यंत आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्यापर्यंत अशाच पायऱ्या आहेत. चाचणी एकेका मुलाला समोर बसवून घ्यायची असते. वर्गात सर्वांना एकत्र वाचायला लावले की शेजारच्याचे ऐकून सगळीच मुले हुशार होतात.

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून पहिली चाचणी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावी आणि दुसरी मार्चमध्ये, उन्हाच्या झळांनी हजेरी गळण्यापूर्वी. पोळ्यानंतरच्या मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी वर्ग रिकामा राहिला म्हणून हजेरीची सरासरी घसरल्याचे दुःख मात्र करू नये. ज्या स्वयंसेवकाने शिकवले, त्यानेच चाचणी घेऊ नये. त्याची नियत वाईट असते असे नाही, पण वर्षभर ज्या मुलासाठी घसा कोरडा केला, ते मूल शब्दावर अडखळले तर नकळत ओठ हलतात. तीन वस्त्या आहेत, तर चाचणीपुरती स्वयंसेवकांची अदलाबदल करा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गळालेली मुले. समजा जुलैमध्ये 40 मुले होती आणि मार्चमध्ये 26 उरली. जी उरतात, ती बहुधा आधीपासूनच पुढे असतात. आई-वडील बांधकामाच्या पुढच्या जागी निघून गेले म्हणून जी गेली, त्यांना तुमच्या वर्गाची गरज सर्वाधिक होती. केवळ 26 मुलांची सरासरी छापली, तर एका अक्षराचीही भर न घालता तुमचा वर्ग यशस्वी दिसेल. म्हणून अहवालात 40 चा आकडा आधी यावा आणि उरलेली 14 कोठे गेली, याचे एक-दोन वाक्यांत उत्तर असावे. मी वाचलेल्या अहवालांत हे उत्तर जवळपास कधीच नसते.

गडचिरोली_मार्ग

आपला वाटा वेगळा काढण्याच्या प्रश्नावर आपल्या विदर्भातीलच उदाहरण घेता येईल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांकडून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, तेव्हा 39 गावांत ही सेवा दिली आणि 47 गावे तुलनेसाठी ठेवली. तेथील जन्म-मृत्यूंची नोंद सेवा सुरू होण्यापूर्वीपासून ठेवलेली होती. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचा मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांना 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडता आले, ते या तुलनेमुळेच. नुसते आधीचे आणि नंतरचे आकडे असते, तर रस्ते झाले, पाऊस बरा झाला, सरकारी दवाखाना सुधारला, असे कोणीही म्हणू शकले असते.

तुम्हाला 47 गावांची गरज नाही. जागेअभावी ज्यांना प्रवेश देता आला नाही, अशा मुलांची प्रतीक्षा यादी तुमच्याकडे असणारच. त्यांचीही जुलै आणि मार्चमध्ये तीच चाचणी घ्या आणि पुढील सत्रात त्यांना आधी प्रवेश द्या. ही मुलेही शाळेत जातातच. त्यांच्यापेक्षा तुमची मुले जेवढी पुढे गेली, तेवढे श्रेय ढोबळमानाने तुमचे. मात्र प्रवेश देताना हुशार मुले निवडली असतील, तर ही तुलना फसवी ठरेल. एवढ्या थोड्या मुलांवरून टक्केवारी तर मुळीच काढू नका, थेट संख्याच लिहा. आणि ‘असर’च्या जिल्हावार आकड्यांशी तुमच्या वस्तीची तुलना करू नका, ती पाहणी ग्रामीण भागाची आहे.

सीताबर्डी_साडेसहा

मी अशाच एका वर्गात आठवड्यातून दोन संध्याकाळी जात असे. वरील सर्व सूचना योग्य असल्या, तरी एक तक्रार नोंदवतो. ज्या संस्थेत मी होतो, तेथे देणगीदाराच्या तक्त्यात रकाने वाढत गेले आणि शेवटी दोनपैकी एक संध्याकाळ तक्ते भरण्यातच जाऊ लागली. पुढे तर ज्या मुलांची पायरी वर सरकेल, त्यांच्याकडेच लक्ष दिले जाऊ लागले; अक्षरांवर अडकलेला मुलगा कोपऱ्यात चित्रे काढत बसे. मी तेव्हाच थांबलो. ज्या मुलीला घरी धाकट्या भावंडामुळे पुस्तक उघडता येत नव्हते, तिला दीड तास शांत जागा मिळाली, हे कोणत्या पायरीवर लिहायचे?

निवृत्त_शिक्षिका

दादा, तुमची तक्रार रास्त आहे. त्यावर माझा उपाय असा की मोजण्याच्या गोष्टी दोनच ठेवाव्यात, वाचन आणि हजेरी, आणि अहवालात सर्वांत वरच्या पायरीवर किती मुले पोहोचली याऐवजी सर्वांत खालच्या पायरीवर किती उरली हा आकडा पहिल्या ओळीत द्यावा. मग कोपऱ्यातल्या त्या मुलाकडे लक्ष द्यावेच लागते. मुलीच्या शांत जागेविषयी तिच्या आईशी बोलून चार ओळी लिहाव्यात. तो पुरावा नव्हे, पण वाचणाऱ्याला वर्ग दिसतो.

वस्तीवर्ग_नागपूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कंपनीच्या अधिकाऱ्यांशी बोलणे झाले. चार पानांचा अहवाल त्यांना चालेल. प्रतीक्षा यादीत 17 मुले आहेत, त्यांच्या पालकांना भेटून विचारणार आहोत. आमचे प्रवेश प्रथम येणाऱ्यास प्रथम या तत्त्वावर झाले. त्यामुळे लवकर आलेल्या पालकांची मुले मुळात पुढे असण्याची शक्यता आहे, हे अहवालातच नमूद करू. एक शंका उरते: मुलांची नावे आणि छायाचित्रे कंपनीला द्यावीत काय?

हिशेबनीस

नावे देऊ नका. प्रत्येक मुलाला क्रमांक द्या आणि नावांची वही तुमच्याच कपाटात ठेवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 मध्ये 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. ती मराठीत आणि हिंदीत, वाचून दाखवून, सहीने किंवा अंगठ्याने घ्यावी. छायाचित्रे घ्यायचीच असतील, तर पाठमोरी घ्या. आणि प्रतीक्षा यादीतील मुलांच्या पालकांकडूनही संमती घ्यायला विसरू नका; ती मुले अद्याप तुमच्या पटावरही नाहीत.