छताला लटकून वटवाघूळ धरणारी घोण: नेम कसा, पकड कशी?

रानभूल: व्हेनेझुएलात पॅराग्वाना द्वीपकल्पावरच्या गुहेत ‘स्कोलोपेंड्रा जायगँटिया’ ही महाकाय घोण, म्हणजे मोठी विषारी गोम, तीन जातींची वटवाघळं खाताना दिसली, ही 2005 सालची नोंद. हिला धड दिसत नाही, मग मिट्ट काळोखात भक्ष्य सापडतं कसं? आणि फडफडणारं वटवाघूळ निसटत कसं नाही?

कातळफूल: डोळे बाजूला ठेवा. डोक्याच्या दोन्ही अंगांना चार-चार साधे डोळे असतात, त्यांना उजेड-अंधार कळला तरी पुष्कळ. खरं काम मिशांचं, स्पर्शही त्यांचा आणि वासही. मिशी भक्ष्याला लागते न लागते तोच पुढचं अंग वळतं आणि विषाचे आकडे रुततात. हे आकडे जबडा नव्हेत. धडाच्या पहिल्या खंडाचे पायच तसे बदललेले आहेत, टोकाजवळ विषनळीचं भोक असतं.

पकडीचं म्हणाल तर पायांच्या जोड्या 21 किंवा 23. मागच्या जोड्या छताला, पुढच्या भक्ष्याभोवती. पायाच्या टोकाची नखी खडबडीत दगडात अडकते, म्हणून एवढं ओझं पेलतं. गुळगुळीत काचेवर हीच घोण घसरते.

मृगधारा: भक्ष्य निसटण्याआधी त्याला गार करण्याचं काम विषाचं. चिनी संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं, की लाल डोक्याची तिकडची घोण, वजन जेमतेम 3 ग्रॅम, आपल्या पंधरापट वजनाचा उंदीर अर्ध्या मिनिटात गार करते. विषातलं एक प्रथिन पेशींचे पोटॅशियमचे मार्ग बंद करतं. त्याने हृदय, रक्तवाहिन्या, श्वास आणि मज्जातंतू एकदमच कोलमडतात. ती जात वेगळी, हे मात्र ध्यानात असू द्या.

रानभूल: आणि खाते कशी? शेपटीकडच्या लांब पायांनीही डंख मारते म्हणतात.

कातळफूल: नाही, त्या पायांत विष नसतं. ते पकडायला आणि धमकावायला. गिळणंही साप गिळतो तसं नाही. आकड्यांनी भक्ष्य धरून ठेवायचं, आतल्या छोट्या जबड्यांनी मऊ मांस कुरतडायचं, पाचकरसाने ओलं करत आत घ्यायचं. मधूनमधून पुढच्या पायांनी भक्ष्य फिरवून नवी बाजू तोंडाशी आणते. पोट भरलं की एकेक मिशी तोंडातून सावकाश ओढून साफ करते, मग पाय. ही सफाई जरूर बघा. मिशा मळल्या तर पुढची शिकार चुकते.

मृगधारा: आपल्याकडे काळ्या-नारिंगी पट्ट्यांची ‘हार्डविकी’ जातीची घोण बघायची तर पावसाळी दमट रात्र गाठा. घोणीच्या कातडीला मेणाचा थर नसतो, अंगातलं पाणी भराभर उडतं, म्हणून कोरड्या हवेत ती बिळातच राहते. विजेरीवर लाल कागद लावा, निदान मीटरभर लांब राहा. पांढऱ्या झोतात ती भक्ष्य टाकून पळते. दगड उलटताना पलीकडची कड आपल्याकडे उचला, म्हणजे तो तुमच्या आणि तिच्या मध्ये राहतो. लोक आपल्याकडची कड उचलतात, बोटं खाली घालतात आणि तिथेच चावा बसतो. चावलीच तर साबणाने धुवून सोसवेल इतक्या गरम पाण्यात भाग बुडवा. चेहरा सुजला किंवा दम लागला तर लगेच दवाखाना गाठा. दगड होता तसाच परत ठेवा, खालची ओल तिला हवी असते.