पहिलं वाक्य काय ठरवायचंय त्याचं असू द्या

मीटिंगची सुरुवात सगळ्यांच्या ओळखीने करावी, असं अनेकजण सांगतात. नवा ग्राहक असेल तर ठीक, पण रोजच्याच माणसांत त्यात दहा मिनिटं फुकट जातात.

मी इंदूरचा, पीथमपूरच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवतो. आमच्याकडे पोहे-जिलबी झाल्याशिवाय कुणी फाइल उघडत नाही, आणि मला ते मनापासून आवडतं. माणसं मोकळी होतात. पण प्लेटा उचलल्या की पहिलं वाक्य तयार हवं: ‘आज दर आणि डिलिव्हरीची तारीख, एवढं ठरवूनच उठायचं.’ परवा मी हेच फळ्यावर लिहिलं. समोरच्या खरेदीप्रमुखांनी आपणहून मोबाइल उलटा ठेवला आणि वही पुढे ओढली.

संचालक मंडळाची बैठक मात्र वेगळी. तिथे आधी गणपूर्ती, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, बघा. कंपनी कायदा २०१३, कलम १७४ प्रमाणे एकूण संचालकांच्या एक तृतीयांश किंवा दोन, यांत जो आकडा मोठा तेवढे हजर हवेत. आम्ही एकदा घाईत न मोजताच चर्चा सुरू केली आणि अख्खी बैठक पुन्हा घ्यावी लागली. बाहेरगावचे दोन संचालक त्यासाठी परत आले, ते आजही मनाला लागतं.